गजराबाई ते चिमणाबाई : एका मानी आईचे आणि आजीचे स्मरण

वडोदऱ्यात 'चिमणाबाई' हे नाव दोन ठिकाणी ठळकपणे भेटते. रावपुऱ्यातील मनोऱ्याचे घड्याळ पाहून आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी वेळ ओळखायला शिकले असेल. तो मनोरा १८९६ साली उभा राहिला, आणि त्याला चिमणाबाईंचे नाव आहे. याच शहरातील स्त्री उद्योगालयालाही चिमणाबाईंचेच नाव आहे. ते १९१४ साली स्थापन झाले. ही दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्या दोन निरनिराळ्या स्त्रिया होत. मनोरा ज्यांच्या स्मृत्यर्थ उभारला त्या सयाजीराव महाराजांच्या प्रथम पत्नी, तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई. उद्योगालय ज्यांच्या नावाने चालले त्या द्वितीय पत्नी, देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई. लग्नानंतर दोघींनाही चिमणाबाई हेच नाव मिळाले. एक गेली, दुसरी आली. नाव तेच राहिले.

आपल्या जुन्या घराण्यांना यात नवल वाटण्यासारखे काही नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि माहेरचे नाव त्या क्षणी मावळे. आपले कुळवृत्तान्त चाळून पाहावेत. पुरुषाच्या नावापुढे त्याची नोकरी, इनाम, स्वभाव, प्रवास असे चार शब्द सापडतात. पत्नीच्या नावापुढे माहेरचे आडनाव आणि मुलांची संख्या. क्वचित एखादे विशेषण असलेच तर ते 'प्रेमळ' किंवा 'सोशीक'. आमच्या मते ही विशेषणे खोटी नसतात, पण अपुरी असतात. घरातील आजी प्रेमळ होती म्हणून ती हट्टी नव्हती असे नाही; सोशीक होती म्हणून तिला संताप येत नव्हता असेही नाही. ज्या स्त्रीला नातवंडे जन्मभर विसरत नाहीत तिच्या अंगी बहुधा या दोन्ही गोष्टी असतात. गजराबाई ऊर्फ दुसऱ्या चिमणाबाई यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. महाराणी म्हणून त्यांच्याविषयी थोडेबहुत लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला त्यांच्याकडे आई आणि आजी म्हणून पाहावयाचे आहे.

देवासहून वडोदऱ्यास

गजराबाईंचे माहेर माळव्यातले. देवास म्हणजे पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीची एकाच गावात नांदणारी दोन संस्थाने. तेथील मानकरी घाटगे घराण्यात १८७० नंतरच्या एक-दोन वर्षांत त्यांचा जन्म झाला. मराठे माळव्यात स्थिरावल्याला तेव्हा शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला होता. गजराबाईही आपल्यासारख्याच बाहेर वसलेल्या मराठी घरातल्या होत्या. त्यांचे माहेर महाराष्ट्राबाहेर होते आणि सासरही. प्रजेची भाषा गुजराती आणि घरची भाषा मराठी, हा वडोदऱ्याचा परिपाठ त्यांना समजावून सांगण्याची गरज पडली नसेल. माळवी बोलणाऱ्या मुलखात मराठी घर कसे नांदते हे त्या पाहूनच आल्या होत्या.

पहिल्या चिमणाबाई मे १८८५ मध्ये क्षयाने वारल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गजराबाईंचे लग्न झाले. नववधूचे वय चौदाच्या आसपास. घरात आधीच्या आईचा दोन वर्षांचा मुलगा, फत्तेसिंहराव. म्हणजे स्वतःचे मूल होण्यापूर्वीच त्या आई झाल्या होत्या, आणि तीही दुसरीच्या मुलाची. आपल्या घराण्यांतून अशा 'दुसरेपणा'च्या बायका कमी नव्हत्या. त्यांच्या वाट्याला पहिलीची आठवण, पहिलीचे मूल आणि पुष्कळदा पहिलीचे नावही येई. असे जिणे जगलेल्या किती जणींच्या मनात काय होते हे कोणी विचारले नाही.

वडोदऱ्यात मात्र एक गोष्ट वेगळी होती. सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १८७५ साली बारा वर्षांचे असताना ते दत्तक आले आणि त्यानंतर त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले. स्वतः उशिरा शिकलेल्या माणसाला अक्षरओळखीचे मोल ठाऊक असते. पत्नीच्या शिक्षणाविषयी ते आग्रही होते, आणि राज्यातील शिक्षणाविषयी तर विशेषच. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्यात लागू झाला. १९०४ मध्ये बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला. चौदाव्या वर्षी सासरी आलेल्या गजराबाई त्या वेळी तिशी ओलांडलेल्या, चार मुलांच्या आई होत्या. त्यांचे स्वतःचे लग्न ज्या वयात झाले त्याची चर्चा आता राज्याच्या कायद्यात होत होती. त्यांना त्या वेळी काय वाटले असेल याची कल्पनाच करावी लागते.

पडद्याबाहेर

चिमणाबाईंची मुले चार : जयसिंहराव, शिवाजीराव, इंदिराराजे आणि धैर्यशीलराव. इंदिराराजेंचा जन्म १८९२ चा. तीन भावांत एकच बहीण. मुलगी असूनही तिला वडोद्याच्या कॉलेजात शिकू दिले गेले. त्या काळी राजघराण्यातील मुलीने इतर विद्यार्थ्यांबरोबर कॉलेजात बसणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

स्वतः चिमणाबाई लग्नानंतर कित्येक वर्षे पडद्यात होत्या. परंतु महाराजांबरोबर त्यांनी युरोपचे प्रवास केले, १९०६ मध्ये अमेरिका पाहिली, १९१० च्या प्रवासात जपान पाहिले. परदेशात पडदा नसे आणि मायदेशी परतले की तो पुन्हा असे. ही विसंगती त्यांच्यासारख्या मानी स्त्रीला किती काळ पटणार? पुढे त्यांनी पडदा सोडला आणि वडोद्यात जाहीर समारंभांत त्या महाराजांच्या शेजारी बसू लागल्या. त्या उत्तम नेमबाज होत्या आणि वाघाच्या शिकारीत त्यांचा हात कोणाला हार जात नसे. सोशीक हे विशेषण त्यांना कोणी लावले नसते.

१९११ मध्ये लंडनच्या लाँगमन्स, ग्रीन या प्रकाशन संस्थेने 'द पोझिशन ऑफ विमेन इन इंडियन लाइफ' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावर लेखक म्हणून बडोद्याच्या महाराणी आणि एस. एम. मित्र अशी दोन नावे आहेत. हे पुस्तक आत्मचरित्र नव्हे. इतर देशांतील स्त्रियांनी कोणत्या संस्था काढल्या, कोणते व्यवसाय पत्करले, त्यांपैकी हिंदुस्थानात काय आणता येईल, असा त्याचा व्यावहारिक रोख आहे. प्रवासात जे पाहिले ते घरी उपयोगी पडावे ही गृहिणीची दृष्टी त्यात दिसते. तीन वर्षांनी वडोद्यात स्त्री उद्योगालय निघाले. शिवण, भरतकाम यांसारखी कामे शिकून गरजू स्त्रियांनी चार पैसे मिळवावेत हा त्याचा हेतू. पुस्तकातला विचार गावातल्या एका इमारतीत उतरला. इतपत भाग्य थोड्याच पुस्तकांच्या वाट्याला येते.

लेकीचे पत्र

ज्या वर्षी हे पुस्तक निघाले त्याच वर्षी घरात वादळ उठले. इंदिराराजेंचा विवाह ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांशी ठरला होता. दोन मोठ्या मराठा संस्थानांचा हा संबंध. माधवराव मुलीपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. त्यांचा पहिला विवाह झालेला होता, पण अपत्य नव्हते. म्हणजे इंदिराराजे दुसऱ्या पत्नी म्हणून जाणार होत्या, आणि ग्वाल्हेरच्या राजवाड्यातील रीत पडद्याची. कॉलेजात शिकलेली, परदेश पाहिलेली लेक त्या पडद्याआड जाणार होती.

डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीत पंचम जॉर्ज यांचा दरबार भरला. त्या दरबारात सयाजीराव महाराजांनी बादशहाला यथाविधी मुजरा न करता पाठ फिरवली असा गवगवा झाला आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी तो प्रसंग उचलून धरला. राजा म्हणून महाराजांची ती कसोटीची वेळ होती. नेमक्या त्याच दिवसांत इंदिराराजे कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्या प्रेमात पडल्या. त्यांनी आईवडिलांना न सांगता थेट माधवरावांना पत्र लिहून लग्न मोडले. ग्वाल्हेरहून त्या पत्राचा अर्थ विचारणारी तार आली तेव्हा घरच्यांना ही गोष्ट कळली. लग्नाची तयारी चालली असताना वाग्दत्त वधूने स्वतः वराला नकार कळवावा, असे मराठी राजघराण्यांत पूर्वी घडल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते.

यावर आईवडील काय करतील? स्त्रियांच्या स्थितीविषयी पुस्तक लिहिणाऱ्या आईने लेकीची पाठ थोपटली असेल, असे आजच्या वाचकास वाटावे. तसे झाले नाही. त्या संबंधाला दोघांनी कसून विरोध केला. मुलीने जितेंद्रनारायणांना भेटू नये म्हणून तिच्यावर पहारा ठेवला. हा झगडा दीड वर्षाहून अधिक काळ चालला, आणि मुलगी बधली नाही. अखेर १९१३ मध्ये आईवडिलांनी विरोध मागे घेतला आणि लंडनमध्ये हे लग्न झाले. पण त्या लग्नाला ना आई हजर राहिली ना वडील.

या प्रसंगी चिमणाबाईंना दांभिक ठरवणे सोपे आहे. आम्हांला ते पटत नाही. आपल्या घरांतून 'शब्द' या गोष्टीला काय किंमत असे हे जुन्या पिढीला सांगावयास नको. मुलीचा वाङ्निश्चय म्हणजे दोन घरांत झालेला करार. तो मोडला तर मुलीबरोबर सारे घर खोटे पडते. शिवाय तो शब्द ग्वाल्हेरला दिलेला. दुसरी बाजू कूचबिहारची. ते घराणे बंगालच्या उत्तर टोकाचे, जात वेगळी, भाषा वेगळी, राहणी पाश्चात्य. जितेंद्रनारायण हे धाकटे पुत्र. त्यांच्या मातोश्री सुनीतिदेवी या ब्राह्म समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या कन्या. सुनीतिदेवींचे स्वतःचे लग्न १८७८ मध्ये वयाची मर्यादा पूर्ण होण्यापूर्वीच लावले गेले आणि त्यावरून ब्राह्म समाजात फूट पडली होती. सुधारकांच्या घरीही लेकीच्या लग्नाची वेळ आली की तत्त्वाची कशी परीक्षा होते, याचे हे दुसरे उदाहरण त्याच नातेसंबंधात सापडावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

तरीही मुख्य मुद्दा टाळून चालणार नाही. चिमणाबाईंनी स्त्रियांसाठी शिक्षण मागितले, उद्योग मागितला, पडद्यातून सुटका मागितली. वराची निवड मात्र त्यांच्या मागणीत नव्हती. आणि ज्या लेकीला त्यांनी शिक्षण दिले, पडद्याबाहेरचे जग दाखवले, तिने नेमकी तीच उरलेली गोष्ट स्वतःच्या हाताने घेतली. बाणेदारपणा शिकवता येतो; तो कोठे थांबावा हे मात्र शिकवता येत नाही. ज्या आईने स्वतः पडदा फेकून दिला तिच्या लेकीने ग्वाल्हेरचा पडदा नाकारावा, यात आमच्या मते आईचा पराभव नव्हता. आईचेच पाणी लेकीत उतरले होते. एवढेच की आईला ते ओळखायला वेळ लागला.

दुःखाची वर्षे

लग्नानंतर काही आठवड्यांतच जितेंद्रनारायणांचे वडीलबंधू वारले आणि ते कूचबिहारच्या गादीवर आले. इंदिराराजे महाराणी झाल्या. वडोदऱ्याशी तुटलेले धागे हळूहळू जुळू लागले. नातवंडे झाली : इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री आणि मेनका. पण या सुखाला मधूनमधून गालबोट लागतच होते. फत्तेसिंहराव १९०८ मध्येच वारले होते. त्यांचे बाळ, प्रतापसिंहराव, त्याच वर्षी जन्मलेले. १९१९ मध्ये शिवाजीराव गेले. १९२२ च्या डिसेंबरात जावई जितेंद्रनारायण लंडनमध्ये निवर्तले. १९२३ मध्ये जयसिंहराव गेले. चार वर्षांत दोन पोटचे मुलगे आणि एक जावई. राजवाड्यात राहणाऱ्यांच्या घरीही मृत्यू असाच ओळीने येतो.

इंदिराराजे तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरी पाच मुले, त्यांतला गादीचा वारस सात वर्षांचा. मुलगा सज्ञान होईपर्यंत राज्यकारभार त्यांनी पाहिला. आपल्या समाजात तिशीतल्या विधवेच्या वाट्याला तेव्हा काय येई हे ज्यांच्या आठवणीत आहे त्यांना याचे महत्त्व कळेल. ज्या लेकीचे लग्न आईने अडवून धरले होते तीच आता एकटीने राज्य आणि घर सांभाळत होती, आणि तिला हे बळ आईच्याच घरातून मिळाले होते.

आजीचे घर

नातवंडांच्या आठवणीतले वडोदरे कसे होते हे आपणांस प्रामुख्याने गायत्रीदेवींच्या 'अ प्रिन्सेस रिमेंबर्स' या १९७६ च्या आत्मकथनातून कळते. आजोळ म्हणजे लक्ष्मीविलास राजवाडा. आजोबा गंभीर आणि शिस्तीचे. आजी दरारा वाटावा अशी, पण जिच्या सहवासात कंटाळा कधी येत नाही अशी. नातवंडांच्या करमणुकीला शिकवलेले पोपट होते. ते चांदीच्या इवल्याशा सायकली चालवत, तारेवरून चालत आणि शेवटी इवल्याशा तोफेची सलामी देत. ऐश्वर्याचा भाग सोडून दिला तर यात आपल्या ओळखीचे काय आहे? आजोळचे वाडे मोठे वाटण्याचे कारण त्यांची लांबीरुंदी नसते. तेथे नियम असतात, पण शिक्षा होत नाही. दरारा असतो, पण भीती नसते. चिमणाबाईंनी लेकीवर जो पहारा ठेवला तो नातींवर ठेवला नाही. आई म्हणून जी कठोर होती ती आजी म्हणून सैल झाली. हा बदल आपण किती घरांत पाहिला आहे!

त्याच आत्मकथनातील आणखी एक तपशील आम्हांला महत्त्वाचा वाटतो. कूचबिहारच्या राजवाड्यात तीन आचारी होते, एक इंग्रजी जेवणाचा, एक बंगाली जेवणाचा आणि एक मराठी जेवणाचा. हिमालयाच्या पायथ्याशी, बंगाली मुलखात, इंदिराराजेंनी मराठी चूल पेटती ठेवली होती. आईशी भांडून गेलेल्या लेकीने आईच्या हातची नाही तरी आईच्या घरची चव जपली. तंजावर असो, इंदूर असो की हैदराबाद, आपल्या घरांचा इतिहास असाच स्वयंपाकघरातून चालत आला आहे. भाषा पातळ होते, पोशाख बदलतो, लग्ने दुसऱ्या समाजात होतात. पण गोडा मसाला आणि पुरणपोळी टिकून राहते. हे टिकवण्याचे काम कोणी केले? कुळवृत्तान्तात ज्यांची नावे अर्ध्या ओळीत आटोपली त्यांनी.

पण स्वयंपाकघराने सारेच टिकत नाही. चिमणाबाईंचे स्वतःचे पुस्तक इंग्रजीत आहे, आणि नातीने त्यांच्याविषयी जे लिहिले तेही इंग्रजीत आहे. देवासच्या घाटगे घरातील गजरा ज्या मराठीत रुसली, हसली, ज्या मराठीत तिने लेकीला रागे भरले असेल, ती मराठी त्या पुस्तकांच्या पानांत सापडत नाही. ज्या भाषेत प्रत्यक्ष आयुष्य जगले गेले तिच्यातच ते लिहिले गेले नाही तर स्मरणाचा एक मोठा अंश हरवतो. आपल्या प्रत्येक घराला ही भीती लागू आहे.

पुण्याचे अध्यक्षपद

जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. मार्गारेट कझिन्स यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या शिक्षणातील सुधारणांचा विचार करण्यासाठी ही परिषद बोलावली गेली. अध्यक्षा होत्या चिमणाबाई. तेव्हा त्यांचे वय पंचावन्नच्या आसपास होते. दोन मुलगे आणि जावई गमावून चार वर्षेही झाली नव्हती. मुलांच्या मृत्यूनंतर देवघराच्या कोपऱ्यात बसण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता आणि त्याबद्दल कोणी त्यांना बोल लावला नसता. त्या पुण्यास गेल्या.

ही परिषद पुढे देशव्यापी संस्था झाली. १९२९ चा शारदा कायदा व्हावा म्हणून तिने जोर लावला. तिच्याच प्रयत्नांतून १९३२ मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघाले. बालवयात लग्न झालेली आणि लग्नानंतर शिकलेली एक स्त्री अशा संस्थेच्या पहिल्या अध्यक्षपदी बसते, याला नुसती पदवी म्हणून चालणार नाही. देशातील असंख्य मुलींच्या बाबतीत जे टळावे असे त्यांना वाटत होते ते त्यांनी स्वतः भोगलेले होते.

लेकीची लेक

फेब्रुवारी १९३९ मध्ये सयाजीराव महाराज गेले. पंच्याहत्तर-शहात्तर वर्षांपूर्वी कवळाण्यात जन्मलेल्या त्या मुलाबरोबर चिमणाबाईंचा संसार त्रेपन्न वर्षे झाला होता. पुढल्याच वर्षी, १९४० मध्ये, धाकटे चिरंजीव धैर्यशीलराव वारले. आता चार अपत्यांपैकी एकच उरले होते : इंदिराराजे. जिने घराचा शब्द मोडला, जिच्या लग्नाला आई गेली नाही, तीच म्हातारपणी एकटी राहिली. या घटनेवर भाष्य करण्याचा मोह आम्ही आवरतो. वाचकांपैकी ज्यांनी आपल्या घरात असे काही पाहिले आहे त्यांना भाष्याची गरज नाही.

त्याच १९४० साली गायत्रीदेवींचे जयपूरचे महाराज मानसिंह यांच्याशी लग्न झाले. त्यांच्या आधीच्या दोन राण्या हयात होत्या, तिसरी होण्यास नात तयार होती. आणि या वेळी कचरत होत्या इंदिराराजे. ज्या मुलीने दुसरी पत्नी होण्याचे नाकारून ग्वाल्हेर सोडले होते तिच्याच मुलीने तिसरी पत्नी होणे आपणहून पत्करले! तीस वर्षांपूर्वी आईच्या जागी उभे राहून काळजी करणे म्हणजे काय, हे इंदिराराजेंना आता कळले असेल. आईशी लेकीचे खरे मिलन बहुधा तेव्हाच होते जेव्हा लेक स्वतः कोणाची तरी हट्टी आई होते.

गायत्रीदेवींनी १९४३ मध्ये जयपुरात मुलींची शाळा काढली. त्या काळच्या जयपुरात मोठ्या घरच्या मुली पडद्याआड होत्या. १९६२ मध्ये त्या लोकसभेवर विक्रमी मताधिक्याने निवडून आल्या. आजी पडद्यातून सभेत आली, लेक लग्नमंडपाऐवजी नोंदणी कचेरीत गेली, नात मतदारांपुढे उभी राहिली. प्रत्येकीने मागचीपेक्षा एक पाऊल पुढे टाकले, आणि त्या प्रत्येक पावलाला मागचीने निदान एकदा तरी हरकत घेतली असेल. पुढे जाण्याची हीच रीत असावी.

१ मे १९४९ रोजी वडोदरे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. सावत्र नातू प्रतापसिंहराव यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, त्याच वर्षी, महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले. चिमणाबाईंनी हे सारे पाहिले. एक राज्य मावळताना पाहिले आणि ज्या शिक्षणासाठी ते राज्य झटले त्याचे विद्यापीठ होतानाही पाहिले. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले. इंदिराराजे १९६८ मध्ये गेल्या, गायत्रीदेवी २००९ मध्ये. देवास, वडोदरे, कूचबिहार, जयपूर अशी चार ठिकाणे आणि तीन पिढ्या यांतून वाहिलेला तो एक प्रवाह होता.

आपण काय लिहावे?

राजघराण्यातील स्त्रियांची आठवण राहते, कारण त्यांच्याविषयी कागद उरतात, चित्रे उरतात, मनोरे उरतात. इतके असूनही दोन चिमणाबाईंची गल्लत होते आणि गजराबाई हे नाव वडोद्यात क्वचित कानी पडते. मग आपल्या पेठांतल्या वाड्यांत जन्म घालवलेल्या आयाआज्यांचे काय? त्यांच्या नावाने ना उद्योगालये आहेत ना नाती इंग्रजी पुस्तके लिहिणार आहेत. जे काही उरायचे ते आपण लिहिले तरच उरेल, आणि मराठीत लिहिले तर त्यांच्या आवाजासह उरेल.

म्हणून आमची सर्व वाचकांना विनंती आहे. घराच्या इतिहासाचे टिपण करताना आजीचे लग्नापूर्वीचे नाव पहिल्यांदा लिहावे. ती कोठून आली, येताना कोणती बोली बोलत होती, नव्या मुलखात कोणता शब्द उचलला, हे लिहावे. ट्रंकेत तिच्या हातचे एखादे पत्र किंवा हिशेबाचे चोपडे असेल तर ते जपावे. ती कोणाशी भांडली, कोणत्या गोष्टीवर अडून बसली, कोणते लग्न तिने मोडले, कोणते जुळवले, कोणत्या लेकीशी अबोला धरला आणि तो कोणत्या कारणाने सुटला, हेही लिहावे. यात घराची अब्रू जात नाही. चिमणाबाईंनी १९११ मध्ये पुस्तकही लिहिले आणि लेकीवर पहाराही ठेवला. या दोन्ही गोष्टी आज आपणांस ठाऊक आहेत म्हणून त्या आपल्याला जिवंत वाटतात. यांपैकी एक गाळली तर उरते ती तसबीर. तसबिरीला हार घालता येतो, तिच्याशी बोलता येत नाही.

मनोऱ्याखालून जाताना वडोदऱ्याच्या रहिवाशांनी नातवंडांना एवढे जरूर सांगावे, की हे नाव तंजावरच्या लक्ष्मीबाईंचे आहे. आणि उद्योगालयावरची चिमणाबाई म्हणजे देवासची गजरा, तीन मुलगे गमावूनही न खचलेली आई आणि नातवंडांना जिचा धाक वाटे पण जिला सोडून जाववत नसे अशी आजी.